औषधविदुषी गर्ट्रूड एलियन

दुखणाईत माणसाच्या उशाशी रात्र काढणे हे बहुधा आम्हा बायकांच्याच वाट्याला येते. डॉक्टर तपासून जातात, पुरुषमंडळी औषधे आणून देतात. पण कपाळावरची ओली पट्टी बदलणारी, पेज भरविणारी आणि औषधाची वेळ चुकू नये म्हणून घड्याळाकडे पाहात बसणारी घरातली बाईच असते. ज्या दुखण्यावर औषधच नाही, त्या दुखण्याकरी माणसाजवळ बसणे म्हणजे काय, हेही तिलाच ठाऊक असते. अशी दोन मरणे तरुणपणीच जवळून पाहिलेल्या एका मुलीने पुढे आपला सगळा जन्म औषधे शोधण्यात घालविला. तिचे लग्न झाले नाही, तिला मूलबाळ नव्हते. परंतु जगातील किती मुलेबाळे तिच्या हाताच्या गुणाने वाचली याची मोजदाद करता येणार नाही. त्या गर्ट्रूड एलियन यांचे चरित्र या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत भगिनींपुढे ठेवीत आहे.

गर्ट्रूडचा जन्म २३ जानेवारी १९१८ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील रॉबर्ट एलियन हे दातांचे डॉक्टर होते. ते बारा वर्षांचे असताना लिथुआनिया देशातून अमेरिकेत आले होते. आई बर्था ही चौदाव्या वर्षी त्या वेळच्या रशियाच्या अमलाखालील मुलखातून आपल्या मोठ्या बहिणींकडे आली होती. तिचे उच्च शिक्षण झाले नव्हते, पण वाचनाचा नाद मोठा. मुलीने शिकावे व स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी त्या माउलीची मनापासून इच्छा होती. गर्ट्रूडच्या पाठीवर सहा वर्षांनी एक भाऊ झाला. घरची स्थिती आरंभी बरी होती; पण १९२९ साली अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला आणि त्यात वडिलांनी साठविलेला पैसा बुडाला. दवाखाना होता म्हणून घर चालले इतकेच.

आईचे वडील, म्हणजे गर्ट्रूडचे आजोबा, ती तीन वर्षांची असताना रशियातून आले. ते घड्याळे दुरुस्त करीत आणि धर्मग्रंथांचे मोठे जाणकार होते. आजोबा आणि नात यांची गट्टी जमली. नात पंधरा वर्षांची झाली आणि आजोबांना पोटाचा कॅन्सर झाला. ते झिजत गेले, ते तिने पाहिले. त्यांच्यासाठी कोणाला काही करता आले नाही. त्याच वर्षी, म्हणजे १९३३ साली, तिला कॉलेजात विषय निवडायचा होता. या दुखण्यावर औषध शोधायचे, असे तिने मनाशी ठरविले आणि रसायनशास्त्र घेतले. पंधरा वर्षांच्या मुली पुष्कळ निश्चय करतात. तिने मात्र तो उभा जन्म पाळला.

वडिलांपाशी फीला पैसे नव्हते. पण न्यूयॉर्क शहराचे हंटर कॉलेज हे मुलींचे कॉलेज होते आणि चांगले गुण असलेल्या मुलींना तेथे फीवाचून शिकता येई. गर्ट्रूडला तेथे जागा मिळाली आणि १९३७ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ती फार वरच्या श्रेणीत पदवीधर झाली. ते कॉलेज फुकट नसते, तर हे चरित्र येथेच संपले असते.

पदवी हाती आली, पण पुढची वाट बंद. पुढील शिक्षणासाठी तिने पंधरा ठिकाणी अर्ज केले. एकाही ठिकाणाहून तिला मदत मिळाली नाही. मंदीचे दिवस होते, पुरुषांनाच नोकऱ्या मिळत नव्हत्या. एका ठिकाणी तर, इतकी चांगली दिसणारी तरुण मुलगी प्रयोगशाळेत आली म्हणजे इतरांचे कामावरून लक्ष उडेल, असे कारण सांगून तिला परत पाठविले. मग काही आठवडे ती सेक्रेटरीचे काम शिकविणाऱ्या वर्गात गेली, तीन महिने तिने परिचारिकांना शिकविले. पुढे एका रसायनशास्त्रज्ञाशी ओळख झाली. त्याच्यापाशी पैसे नव्हते, पण काम होते. तेव्हा तिने त्याच्या प्रयोगशाळेत बिनपगारी काम पत्करले. हात मोकळा राहण्यापेक्षा कामाला लागलेला बरा, हे आपल्या घरातून आपणही शिकलेल्या असतो. पुढे तेथेच आठवड्याला वीस डॉलरपर्यंत पगार मिळू लागला.

शिल्लक टाकून ती १९३९ साली न्यूयॉर्क विद्यापीठात दाखल झाली. रसायनशास्त्राच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. दिवसा शाळेत रसायन व पदार्थविज्ञान शिकवायचे, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत काम करायचे, असा क्रम चालवून तिने १९४१ साली एम. एस्सी.ची पदवी मिळविली.

त्याच साली तिच्यावर दुसरा घाव पडला. लेनर्ड नावाच्या एका हुशार तरुणाशी तिचे लग्न ठरले होते. त्याच्या हृदयाच्या आतील पडद्यांना जंतूंचा संसर्ग झाला आणि तो गेला. पुढे दोनचार वर्षांतच पेनिसिलीन सर्वांना मिळू लागले आणि त्या दुखण्यातून माणसे उठू लागली. औषध उशिरा सापडले म्हणजे काय होते, याचा असा दाखला तिच्या स्वतःच्या आयुष्यात घडला. तिने पुढे लग्न केले नाही. दुःखाचे प्रदर्शनही केले नाही. येथून पुढे आपणही त्यांना एलियनबाई म्हणू.

दुसरे महायुद्ध पेटले होते. पुरुष लढाईवर गेले आणि प्रयोगशाळांचे दरवाजे बायकांना उघडले. बाईंना पहिली नोकरी मिळाली ती खाद्यपदार्थ विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीत. लोणच्याचा आंबटपणा योग्य आहे की नाही, अंड्याच्या पिवळ्या बलकाचा रंग ठीक आहे की नाही, हे तपासण्याचे काम! आपल्याला हे काम घरचेच वाटेल. बाईंनी तेही नेटके केले, पण त्यांचे मन तेथे रमणारे नव्हते. एके दिवशी वडिलांच्या दवाखान्यात बरोज वेलकम या औषध कंपनीच्या वेदनाशामक गोळ्यांचा नमुना आला. तो पाहून वडिलांनी, या कंपनीत विचारून पाहा, असे सुचविले. कंपनीची प्रयोगशाळा न्यूयॉर्कजवळ टकाहो येथे होती. तेथे जॉर्ज हिचिंग्ज नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९४४ साली बाईंना आपल्या हाताखाली घेतले आणि शिकता येईल तितके शिकू दिले. बाईंच्या आयुष्यातील नोकरीची वणवण येथे संपली. त्यांनी पुढची चाळीस वर्षे याच कंपनीत काम केले.

तरी एक काटा राहिलाच. शास्त्रज्ञाला पीएच. डी. हवी. म्हणून बाई दिवसभर काम करून रात्री आगगाडीने ब्रुकलीनला वर्गांना जाऊ लागल्या. अशी दोन वर्षे गेल्यावर तेथील प्रमुखांनी सांगितले की, नोकरी सोडून पूर्ण वेळ या, तरच पदवीचे पाहू. हातातले संशोधन टाकून पदवीमागे जावे, की पदवी सोडून संशोधन करावे? बाईंनी पदवी सोडली. त्यामुळे जगातील मोठमोठ्या डॉक्टरांना ज्यांची औषधे लिहून द्यावी लागली, त्या बाई स्वतः परीक्षा देऊन कधी डॉक्टर झाल्या नाहीत. पुढे विद्यापीठांनीच त्यांना सन्मानाने त्या पदव्या दिल्या. ब्रुकलीनच्या त्याच संस्थेनेही १९८९ साली दिली.

आता त्यांचे काम काय होते, ते माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला जसे समजले तसे सांगते. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या पोटात डीएनए नावाची एक फार लांब माळ असते. ती चारच जातींच्या मण्यांनी गुंफलेली असते आणि पेशीने कसे वागावे हे त्या मण्यांच्या क्रमात लिहिलेले असते. एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या, तर आधी या माळेसारखी दुसरी माळ ओवावी लागते. कॅन्सरच्या पेशी आणि रोगजंतू भराभर वाढतात, म्हणून त्यांना मणी पुष्कळ लागतात. हिचिंग्ज यांचे म्हणणे असे की, खऱ्यासारखा दिसणारा पण खोटा मणी त्यांना दिला तर? तो खरा समजून ते उचलतील आणि त्यांचे ओवणे अडेल. त्या काळी नवी औषधे बहुधा अंधारात चाचपडून शोधीत. हजार पदार्थ घ्यायचे, लागू पडला तो खरा. या दोघांनी रोगाची पेशी निरोगी पेशीहून वेगळी कशी वागते ते आधी समजून घ्यायचे आणि त्या फरकावर बोट ठेवून औषध बनवायचे, अशी नवी रीत घातली. डीएनएची रचना जगाला १९५३ साली कळली. यांचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते.

एलियनबाईंच्या वाट्याला प्युरीन नावाच्या मण्यांचे काम आले. त्यांनी एकामागून एक असे शंभराहून अधिक खोटे मणी तयार करून पाहिले. त्यांतल्या एकात ऑक्सिजनच्या जागी गंधकाचा अणू बसविला होता. हेच ६-मर्कॅप्टोप्युरीन. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर त्या वेळी इलाज नव्हता म्हटले तरी चालेल. बहुतेक मुले तीनचार महिन्यांत जात. या औषधाने ती उठून खेळू लागली. १९५३ साली त्याला अमेरिकन सरकारची परवानगी मिळाली. पण आनंद पुरा नव्हता. बरी झालेली मुले काही महिन्यांनी, वर्षाने पुन्हा आजारी पडत आणि मग हाती लागत नसत. हे दुःख बाईंना फार लागले. पुढे वर्षानुवर्षे त्या एकाच औषधाचे शरीरात काय होते याचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. आज दुसऱ्या औषधांच्या जोडीने हेच औषध देतात आणि चांगली सोय आहे तेथे शंभरांतील ऐंशीहून अधिक मुले त्या दुखण्यातून बरी होतात. मधल्या काळात १९५६ साली बाईंची आईही कॅन्सरनेच गेली.

त्याच अभ्यासातून ॲझाथायोप्रीन हे औषध निघाले. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविले तर शरीर ते परके म्हणून टाकून देते. या औषधाने शरीराचा तो विरोध मंदावतो. १९६२ साली बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी नातलग नसलेल्या माणसाचे मूत्रपिंड रोग्याला बसविले आणि या औषधाच्या आधाराने ते टिकले. सांधे सुजविणाऱ्या गाऊट या दुखण्यावरील ॲलोप्युरिनॉल हे औषधही याच प्रयोगशाळेतले. १९६७ साली बाई आपल्या विभागाच्या प्रमुख झाल्या. १९७० साली कंपनीची प्रयोगशाळा नॉर्थ कॅरोलायना राज्यात गेली, तशा बाईही तिकडे राहावयास गेल्या.

विषाणूंवरील कामाला त्यांनी १९६८ च्या सुमारास पुन्हा हात घातला. त्या वेळी बहुतेक शास्त्रज्ञांचा समज असा होता की, विषाणूवर निर्धोक औषध निघणेच शक्य नाही. कारण विषाणू हा स्वतःचे घर नसलेला प्राणी. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिचीच चूल, तिचाच शिधा वापरून वाढतो. मग त्याला विष घालावे तर घरधनीणही मरायची! बाई आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ च्या सुमारास ॲसायक्लोव्हिर या पदार्थाचा गुण ओळखला. तो मुळात हॉवर्ड शेफर यांनी तयार केलेला. निरोगी पेशीत तो जवळजवळ निरुपद्रवी पडून राहतो. पण नागिणीच्या जातीचा विषाणू पेशीत असेल, तर त्या विषाणूचेच एक द्रव्य या औषधाला जागे करते आणि जागे झालेले औषध विषाणूचीच माळ तोडते. चोराने आपल्याच हाताने आपल्या पायात बेडी अडकवावी तसे हे झाले. आपल्याकडे अंगावर नागीण उठली आणि तिचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो, असे म्हणत. ते खरे नाही. पण नागिणीचा ठणका खरा, आणि त्यावर डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्यांत हे औषध असते. लवकर सुरू केले तर गुण चांगला येतो. विषाणूवर नेमके औषध निघू शकते, हे या औषधाने सर्वांना पटले.

१९८३ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, एलियनबाई नोकरीतून निवृत्त झाल्या, पण सल्लागार म्हणून प्रयोगशाळेत जात राहिल्या. आणि नेमका त्याच काळात एक नवा रोग जगापुढे उभा राहिला.

१९८१ साली अमेरिकेत काही तरुण माणसे विचित्र आजारांनी मरत आहेत असे दिसून आले. शरीराची रोगाशी झुंजण्याची शक्तीच त्यांच्यात उरली नव्हती. या रोगाला एड्स असे नाव पडले. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी या बाई आणि ल्यूक मॉन्टॅनिये यांनी त्याचा विषाणू शोधून काढला. तोच एच.आय.व्ही. रोग ओळखता आला, पण औषध नाही. ज्याला झाला तो गेलाच. त्यावर लोकांची भीती अशी की, दुखणाईताच्या अंगाला हात लावायला, त्याचे भांडे विसळायला कोणी धजत नसे.

एलियनबाईंच्या जुन्या प्रयोगशाळेतील मंडळी कामाला लागली. येथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. पहिले एड्सविरोधी औषध ॲझिडोथायमिडीन, ज्याला एझेडटी किंवा झिडोव्हुडीन म्हणतात, ते एलियनबाईंनी शोधले असे काही ठिकाणी लिहितात. तसे नाही. हा पदार्थ १९६४ साली डेट्रॉइट येथे जेरोम हॉरविट्झ यांनी कॅन्सरसाठी बनविला होता. कॅन्सरवर तो चालला नाही म्हणून वीस वर्षे फळीवर पडून होता. १९८४ साली बरोज वेलकमच्या प्रयोगशाळेत जॅनेट राइडआउट या बाईंनी तपासण्याजोग्या पदार्थांत त्याची निवड केली आणि मार्टी सेंट क्लेअर या बाईंनी उंदरांच्या तशाच जातीच्या विषाणूवर तो लावून पाहिला. मग सरकारी कॅन्सर संस्थेत सॅम्युएल ब्रोडर आणि हिरोआकी मित्सुया यांनी १९८५ च्या फेब्रुवारीत खुद्द एच.आय.व्ही.वर तो तपासला आणि विषाणूची वाढ थांबलेली दिसली. राइडआउट आणि सेंट क्लेअर या दोघी एलियनबाईंच्या तालमीत तयार झालेल्या. खोटा मणी कसा बनवावा, तो पेशीत कोठवर जातो हे कसे पाहावे, ही सगळी विद्या त्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षे मुरलेली होती. म्हणून नवे संकट येताच वर्षभरात औषध हाती आले. आपल्यानंतर काम करणारे हात तयार करून ठेवणे, हे एलियनबाईंचे खरे मोठेपण मला वाटते. त्या कामाचे श्रेय त्यांनी आपल्याकडे ओढून घेतले नाही.

एझेडटी काय करते? एच.आय.व्ही.ची खोड अशी की, तो पेशीत शिरल्यावर आपल्या अंगची माहिती उलटी उतरवून डीएनएची माळ बनवितो आणि ती आपल्या पेशीच्या माळेत बेमालूम मिसळून देतो. ही माळ ओवताना तो एझेडटीचा खोटा मणी उचलतो. या मण्याला एकाच बाजूने भोक असते! तो मागच्या मण्याला जोडला जातो, पण पुढचा मणी त्याला जोडता येत नाही. माळ अर्धवट राहते आणि विषाणूची वाढ खुंटते.

१९८५ च्या जुलैत पहिल्या रोग्याला हे औषध दिले. १९८६ साली २८२ रोग्यांवर परीक्षा घेतली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. काही महिन्यांत नुसती गोळी घेणाऱ्यांतील १९ माणसे मरण पावली, औषध घेणाऱ्यांतील फक्त १. तेव्हा परीक्षा मध्येच थांबवून सर्वांना औषध देण्यात आले आणि मार्च १९८७ मध्ये सरकारी परवानगी मिळाली. तेव्हा दर चार तासांनी, रात्री झोपेतून उठूनही गोळी घ्यावी लागे. रक्त कमी होई, पुष्कळांना दुसऱ्याचे रक्त चढवावे लागे. किंमतही भयंकर, वर्षाला सुमारे १०,००० डॉलर. रोगी आणि त्यांचे मित्र रस्त्यावर उतरले, तेव्हा १९८९ साली कंपनीने किंमत वीस टक्क्यांनी कमी केली. शिवाय विषाणू हुशार. काही काळाने तो आपले रूप पालटून एकट्या औषधाला चकवू लागला. १९९६ साली तीन औषधे एकत्र देण्याची रीत निघाली, तेव्हा कोठे खाटेला खिळलेली माणसे उठून कामावर जाऊ लागली.

पण आपल्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट १९९४ सालची. एच.आय.व्ही. असलेल्या गरोदर बाईला, तिच्या बाळंतपणात आणि जन्मलेल्या बाळाला एझेडटी देऊन पाहिले. औषध न दिलेल्यांत शंभरांतील पंचवीस बाळांना आईचा रोग लागला. औषध दिलेल्यांत आठांना. आईचा रोग लेकराला लागू नये म्हणून काही करता येते, हे तेव्हा प्रथम सिद्ध झाले. एलियनबाई ते पाहावयास हयात होत्या.

त्याआधी १९८८ च्या ऑक्टोबरात त्यांना, हिचिंग्ज यांना आणि ब्रिटनच्या जेम्स ब्लॅक यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते कोणा एका औषधासाठी नव्हते; औषध कसे शोधावे याची नवी तत्त्वे दाखविली म्हणून होते. बाई तेव्हा सत्तर वर्षांच्या होत्या. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-सन्मानगृहात ज्यांचे नाव लागले अशा त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या नावावर ४५ पेटंटे होती. संगीतनाटके पाहणे, प्रवास करणे आणि फोटो काढणे हे त्यांचे छंद. भावाच्या मुलांवर त्यांनी पोटच्यासारखी माया केली. म्हातारपणी त्या ड्यूक विद्यापीठातील वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना संशोधन शिकवीत असत. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

हा रोग आपल्या देशात आहे हे १९८६ साली मद्रास येथे प्रथम उघड झाले. ते काम डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आपल्या विद्यार्थिनीकडून करवून घेतले. या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. २०१५ साली वारल्या, तोवर त्यांनी याच रोग्यांची सेवा केली. पुण्याला १९९२ साली या रोगाच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था निघाली. मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९९३ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांच्या मदतीने झिडोव्हुडीन येथे बनविले, आणि २००१ साली तिचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा ३५० डॉलरना देण्याची तयारी दाखविली. परदेशी कंपन्या त्यासाठी १०,००० डॉलरहून अधिक घेत होत्या. त्या तीन औषधांतील दोन एका बाजूने भोक असलेल्या मण्याच्याच जातीची होती. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने काही राज्यांत ही औषधे फुकट देण्यास आरंभ केला. त्यांत महाराष्ट्र होता. आज त्याहून सोयीची औषधे आली आहेत आणि पुष्कळांना दिवसातून एक गोळी पुरते. रोग समूळ जात नाही, पण गोळी रोज न चुकता घेतली आणि तपासणीत विषाणू दिसेनासा झाला व तसाच राहिला, तर माणूस पुष्कळ वर्षे जगतो आणि जोडीदारालाही त्याच्यापासून रोग लागत नाही.

भगिनींनो, चरित्र येथे संपले, पण एक विनंती उरते. औषध सरकारी रुग्णालयात फुकट मिळते, तरी ते बाईच्या पोटात जाईलच असे नाही. आपल्याकडे हा रोग पुष्कळ बायकांना नवऱ्याकडून आला. नवरा गेला की दोष मात्र तिच्या माथी; तिला घराबाहेर काढायचे, तिचे ताट-तांब्या वेगळा करायचा, तिच्या लेकराला शेजारच्या मुलांत खेळू द्यायचे नाही, असे आपण ऐकतो. मग ती बिचारी गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात लपविते, आणि पाहुणे आले की गोळी चुकते. हा रोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, हळदीकुंकू लावल्याने होत नाही. अशा माणसाला शाळेतून, नोकरीवरून, घरातून घालवून देण्यास २०१७ च्या कायद्यानेही बंदी आहे. पण कायदा उंबरठ्याच्या आत येत नाही. तेथे आपला कारभार असतो.

एलियनबाईंना आजोबांसाठी आणि लेनर्डसाठी काही करता आले नाही, म्हणून त्यांनी परक्यांसाठी जन्म वेचला. आपल्या ओळखीत अशी एखादी भगिनी असेल, तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवावे, तिच्या हातचे तिळगूळ घ्यावे, आणि तिच्या गोळीची वेळ झाली तर तिच्या हाती पाण्याचा पेला आपण होऊन द्यावा. एवढे आपल्या मंडळाला खास करता येण्याजोगे आहे.